चपला काढून पाहिलेला सिनेमा

भाद्रपदात आमच्या गल्लीत दिवेलागणीला कर्ण्यावरून वाचन सुरू होतं. वर्षावास असतो. आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा, ही आम्हा बौद्धांच्या वस्तीवस्तीतली रीत. मी जालन्यात मस्तगडच्या बाजूला राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. इथला विहार पक्का आहे, खाली फरशी आहे, वर पंखे आहेत, आणि वाचणारी कॉलेजात शिकणारी एक पोरगी आहे. ती चांगलं वाचते, फक्त जरा घाई करते. मी कणीक मळत ऐकत असते. मधेच एखादं वाक्य असं येतं की ते मला त्या पोरीच्या आवाजात ऐकूच येत नाही. ते माझ्या आत्याच्या आवाजात ऐकू येतं, सावकाश, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचल्यासारखं.

या रविवारी त्या आवाजाला एका पेपरानं नख लावलं. पुरवणीत एका गृहस्थांनी जुन्या सिनेमांच्या आठवणी लिहिल्या आहेत. आमच्या लहानपणी जिल्हाभर गाजलेला एक परदेशी सिनेमा, हाणामारीचा आणि हसवणुकीचा, हिंदीत आवाज भरलेला. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही, माझ्या हातून त्याची फुकटची जाहिरात व्हायला नको. या गृहस्थांच्या मते तो आता अभिजात झालाय. शरीराची कविता काय, निरागस विनोद काय, विशेषणांची नुसती पंगत बसवलीय. आणि शेवटी तोंडी लावायला एक किस्सा. मराठवाड्यातल्या कुठल्याशा तालुक्याच्या गावी काही भाबड्या बायका म्हणे हा सिनेमा देवाधर्माचा समजून पांढरी लुगडी नेसून आल्या आणि चपला बाहेर काढून थेटरात बसल्या. त्यापुढं त्यांनी लिहिलंय, ‘किती गोड!’

मला किळस आली. राग आला असता तर बरं झालं असतं, राग निदान कुठंतरी काढता येतो. ही किळस तोंडात तशीच राहिली, शिळं तूप खाल्ल्यावर राहते तशी. कारण ते तालुक्याचं गाव मंठा. त्या भाबड्या बायकांत सगळ्यात पुढं होती माझी आत्या, अनुसया. आणि तिच्या मागं, नववीतली, दोन वेण्या घातलेली मी.

मंठ्याचा तो भाद्रपद मला वासानं आठवतो. मूग निघायचे दिवस. बायका दिवसभर मुगाच्या शेंगा तोडून यायच्या, बोटं काळपट झालेली, अंगाला खाजरी कूस लागलेली. आभाळ धड बरसायचं नाही आणि धड उघडायचंही नाही. वस्तीतल्या विहाराला तेव्हा वर पत्रे होते आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. आत दोन तसबिरी, मेणबत्त्या, उदबत्ती, चौरंगावर पांढऱ्या कापडात ग्रंथ. मधल्या आढ्यावरून एक बल्ब वायरीला लोंबायचा, इतका खाली की उंच माणूस वाकून जायचा. बायका-पोरं पुढं बसत, पुरुष मागं भिंतीला टेकून. वीज गेली की मेणबत्त्या चौरंगाजवळ सरकवायच्या आणि वाचन पुढं चालू.

वाचन खरं तर गुरुजींचं. गुरुजी म्हणजे विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. तोवर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी ग्रंथाला हात लावलेला मला आठवत नाही. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं वाचायला मनाई केली. तरणी पोरं कामाला बाहेरगावी. राहिली चौथी शिकलेली आत्या. गुरुजी नाइलाजानं म्हणाले, “माझा चष्मा येईस्तोवर वाचा. पन बाईमानसाचं वाचन लोकं ऐकतेन का, ते काई सांगता येत न्हाई.”

लोक ऐकत होते. आत्या एक परिच्छेद वाचायची आणि थांबायची. मग ग्रंथावर हात ठेवून म्हणायची, “म्हंजे काय, तं...” आणि तेच आपल्या बोलीत सांगायची. राजवाडा सोडून निघालेल्या माणसाला मागं वळून पाहावंसं वाटलं असेल का, असं एकदा शेजारच्या गयाबाईनं मधेच विचारलं. आत्या म्हणाली, “वाटलंच असंल. पन पुढं वाचू दे, जल्दी नको करू.” हळूहळू असं झालं की बायका शेतातून आल्या की चुलीकडं न जाता आधी विहारात. वस्तीतल्या पुरुषांना भाकरी उशिरा मिळू लागली आणि कमिटीत कुरबुर सुरू झाली. आत्याला विधवा होऊन खूप वर्षं झाली होती. भावाच्या घरी राहणारी बाई म्हणून तिला सगळ्यांनी कायम एका कोपऱ्यात बसलेलं पाहिलेलं. त्या दोन महिन्यांत ती चालायचीसुद्धा वेगळं. तो चौरंग तिचा राहावा, आश्विनातल्या पौर्णिमेला ग्रंथ तिच्या तोंडून पुरा व्हावा, एवढंच तिला हवं होतं. ती हे बोलून दाखवायची नाही, पण आम्हा घरच्यांना ते दिसत होतं. गुरुजींचा चष्मा कधीही येणार होता.

अशात तो सिनेमा आला.

मंठ्यात तेव्हा एकच थेटर, पत्र्याचं. सिनेमा बदलला की सायकलरिक्षाला कर्णा बांधून त्यांचा माणूस गावभर फिरायचा. या माणसाचं एक कसब होतं, तो गल्ली बघून बोली बदलायचा. बाजारात त्याचं “हँस हँस के लोटपोट, मारधाड का तूफान” चालायचं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी आला की आवाज एकदम मऊ. “भगवान बुद्ध के मंदिर की कहानी, भिक्खुओं की कहानी. मां-बहनों के लिए खास इंतजाम.” कोणत्या गल्लीत काय खपतं ते त्याला बराबर माहीत होतं. विहारासमोरच्या भिंतीवर पोस्टर लागलं. त्यावर मोठी सोनेरी मूर्ती आणि पुढं हात जोडून उभा असलेला मुंडण केलेला भिक्खू. पोस्टरच्या खालच्या अर्ध्यावर कुणीतरी खताची जाहिरात चिकटवून गेलं होतं. त्या जाहिरातीखाली हवेत लाथ मारणारा हिरो होता, हे आम्हाला नंतर कळलं.

वस्तीतल्या बायकांनी आपल्या धम्माचं असं काही पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. सिनेमात देव दिसायचे ते दुसऱ्यांचे. त्यांच्या सिनेमाला गावातल्या बायका नारळ घेऊन जायच्या, पडद्यावर पैसे फेकायच्या, आणि आमच्या बायका ते नुसतं ऐकून असायच्या. आता आपला सिनेमा आलाय म्हटल्यावर वस्तीत दुसरा विषय राहिला नाही. अडचण एकच होती. बायकांना सवड होती ती पौर्णिमेला, कारण त्या दिवशी कामाला सुट्टी. आणि पौर्णिमेला त्यांचं अष्टशील. पांढरी वस्त्रं, दुपारनंतर अन्न नाही, आणि सातवं शील असं की नाचगाणं, खेळतमाशा पाहायचा नाही.

गयाबाईनंच विचारलं, “अनुसये, शिनेमा म्हंजे तमाशाच की गं?”

त्या दिवशीचं वाचन झालं, मेणबत्त्या विझवल्या, ग्रंथ कापडात बांधला, आणि मग आत्या म्हणाली, “तमाशा पाहू न्हाई, असं हाय. भगवंताला पाहू न्हाई असं कुठं लिव्हलंय? आपन तमाशाला न्हाई चाललो. दर्शनाला चाललो.”

हे बायकांना पटलं. मलाही पटलं. गुरुजींना विचारायला गेलो तर ते खाटेवर डोळ्याला पट्टी बांधून पडलेले. ते म्हणाले, “जा की. चांगलं हाय. पोरींनाबी न्या.” हे ‘जा की’ लक्षात ठेवायला हवं.

तर पौर्णिमेला दुपारचा तीनचा खेळ. आम्ही वस्तीतून निघालो ते पांढऱ्या लुगड्यांची ओळच्या ओळ, रस्त्यावरच्या चिखलातून पदर सावरत. थेटरच्या दाराशी आत्या थांबली आणि तिनं चपला काढल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी काढल्या, भिंतीला लावून नीट जोड्या ठेवल्या. तिकीट फाडणारा दारवान बघतच राहिला.

आत पाऊल टाकलं आणि तळव्याला काहीतरी चिकट लागलं. पानाच्या पिचकाऱ्या, शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, आणि मागच्या बोळातून येणारा मुतारीचा भपकारा. पत्र्यातून गळणारं पाणी या सगळ्यात मिसळून फरशीभर पसरलेलं. त्या फरशीवर आमचे अनवाणी पाय. ‘चपला काढून बसल्या’ हे तीन शब्द छापायला सोपे आहेत. ते लिहिणाऱ्याच्या तळव्याला ती फरशी कधी लागलेली नसते.

बायकांची बाकं सगळ्यात मागं, मशीनच्या खोलीला खेटून. मशीनची खिडकी इतकी खाली की उजेडाचा झोत आमच्या डोक्यांच्या वीतभर वरून जायचा. पहिल्याच चित्रात धुक्यातला डोंगर, लाकडी मंदिर, घंटेचा आवाज आणि ती सोनेरी मूर्ती, पडदाभर. आत्यानं हात जोडले. विहारात वंदनेला म्हणतो तसं “साधू, साधू, साधू,” असं ती म्हणाली आणि आमची सगळी बाकं तिच्यामागून म्हणाली. पुढची डोकी वळली. कुणीतरी फसकन हसलं.

मग मूर्तीच्या मागून एक जाडा भिक्खू बाहेर आला. त्यानं अंगावरच्या चीवराखालून कोंबडीची तंगडी काढली. तो ती चघळत इकडं तिकडं बघतो, पावलं वाजली की तोंडात कोंबून गाल फुगवून ध्यानाला बसतो, आणि तेलकट बोटं मूर्तीच्या गुडघ्याला पुसतो. थेटर हशानं फुटलं. लोक मांड्या थापटत होते. आत्याचे हात जोडलेलेच होते. ते कधी सोडायचे, तेच तिला कळत नव्हतं. ते हात मला अजून दिसतात.

उगाच नावं ठेवायला मी बसलेली नाही. त्या सिनेमातला हिरो दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन चौघांना लोळवतो आणि थेंब सांडू देत नाही, हे कसब खरंच होतं. त्यामागं त्या माणसानं वर्षानुवर्षं अंग मोडून घेतलं असणार. पण कसब आहे म्हणून सगळं माफ, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आता तर बिलकुल पटत नाही. चीवर घातलेला माणूस जेव्हा जेव्हा पडद्यावर येई तेव्हा तेव्हा तो खाई, पादे नाहीतर पळे. दुसरं कामच त्याला दिलेलं नव्हतं. ज्या लोकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या देवळाबाहेर उभं राहून शेवटी एक चीवर आपलं म्हणून डोळ्यांना लावलं, त्यांना पैसे घेऊन आत बसवायचं आणि हे दाखवायचं. याला निरागस म्हणायला लिहिणारा फार लांब बसलेला असावा लागतो.

गयाबाई दोनदा म्हणाली, “चल गं, उठू.” आत्या नुसतं “बस” म्हणाली. मधल्या सुट्टीत सगळं थेटर भजी खात होतं आणि आमची उपाशी बाकं पडद्याकडं तोंड करून बसून होती.

शेवटची मोठी मारामारी त्या मंदिरातच होते. खांब मोडतात, घंटा पडते, आणि मग मूर्तीचं डोकं निखळून गडगडत खाली येतं. जाडा भिक्खू त्या डोक्यावर उभा राहतो, तोल सांभाळत पाय नाचवतो, खाली शत्रूची बोटं चेंगरतात. शिट्ट्यांनी पत्रे थरथरले.

तेव्हा आत्या उभी राहिली.

झोत तिच्या डोक्यावर अडला आणि पडद्यावर, त्या नाचणाऱ्या पायांच्या जागी, पदर घेतलेलं एक काळं डोकं आलं. “ए बाई, बैठ नीचे!” पुढून कुणीतरी ओरडलं. गयाबाई उभी राहिली. मग तिच्या पलीकडची, मग तिच्या मागची. एकेक करत आमची सगळी बाकं उभी राहिली आणि पडदाभर पदरांची डोकीच डोकी झाली. डोक्यांच्या फटींतून कुठं एखादा हात दिसे, कुठं सोनेरी तुकडा. मीही उभी होते. मी ठेंगणी, माझी सावली पडद्याच्या खालच्या काठालाच कुठंतरी लागली असेल.

मॅनेजर बॅटरी घेऊन आला. तोंडावर उजेड मारत म्हणाला, “बाई, खाली बसा, न्हाईतं भाईर जा.”

आत्या म्हणाली, “तिकीट काढलंय. उभ्यानं पाहतो.”

आम्ही उभ्यानं पाहिलं. पुढचे लोक शिव्या देत होते, शेंगांची टरफलं फेकत होते. आमच्यातली एकही बसली नाही की बोलली नाही. पडद्यावर काय चाललंय ते कुणालाच धड दिसत नव्हतं, आवाज तेवढे येत होते. दिवे लागेपर्यंत आम्ही तशाच होतो.

बाहेर आलो तर भिंतीला लावलेल्या चपला जागेवर नव्हत्या. दारवानानं पायानं लोटत नेऊन सगळ्या नालीत ढकलल्या होत्या. काही वाहून गेल्या, काही काळ्या पाण्यात तरंगत होत्या. तो तिथंच उभा राहून दात काढत होता. कुणी वाकून चपला उचलल्या नाहीत. आम्ही अनवाणीच वस्तीपर्यंत आलो आणि हापशावर एकेकीनं पाय धुतले. एकीनं हापसायचं, दुसरीनं दगडानं तळवे घासायचे. त्या दिवशीही संध्याकाळी वाचन झालं. आत्यानं नेहमीसारखं वाचलं, फक्त ‘म्हंजे काय, तं’ एकदाही म्हणाली नाही.

यानंतर आठवडा सरतो न सरतो तो जालन्याहून निघणारं साप्ताहिक आलं. त्यात सिनेमावर लिहिणारे कुणी प्राध्यापक होते. त्यांनी या सिनेमाला मनमुराद करमणूक म्हटलं होतं, जाड्या भिक्खूला हास्याचा खजिना म्हटलं होतं, ढोंगी साधूंची रेवडी उडवल्याबद्दल दिग्दर्शकाची पाठ थोपटली होती. आणि खाली चौकट टाकून मंठ्याचा किस्सा. पांढरी लुगडी, काढलेल्या चपला, साधू साधू साधू. हे त्यांना थेटरच्या मॅनेजरनंच सांगितलं असणार. पण मॅनेजरनं उरलेली अर्धी गोष्ट गिळली होती. बायका उभ्या राहिल्या, हे त्या चौकटीत नव्हतं. शिकलेला माणूस, जिल्ह्यात मान असलेला, त्याला एक पोस्टकार्ड टाकून विचारावंसंही वाटलं नाही. पुरवणीतल्या गृहस्थांचा ‘गोड’ किस्सा या चौकटीतूनच उतरत आलेला आहे, उष्ट्या ताटातला घास उचलावा तसा.

ते साप्ताहिक हातात घेऊन गुरुजी विहारात आले. नाकावर नवा चष्मा होता.

“सगळ्या जिल्ह्यात हसं झालं आपलं,” ते म्हणाले. “उद्यापासून वाचन मी करनार. कमिटीनं ठरवलंय.”

आत्या चौरंगामागं बसलेली होती. ती म्हणाली, “गुरुजी, तुमीच जा म्हनले होते.”

“जा म्हनलो होतो,” गुरुजी म्हणाले. “चपला काढा म्हनलो होतो का?”

मला त्या प्राध्यापकांपेक्षा, त्या दारवानापेक्षाही जास्त शिसारी या वाक्याची आली. बाहेरच्यांनी हसणं हे एक असतं. आपल्यातल्या माणसानं त्या हसण्याला चष्मा लावून आत घेऊन येणं हे दुसरं. आत्यानं ग्रंथ मिटला, कापडात बांधला, आणि उठून बायकांच्या मागं, भिंतीशी जाऊन बसली. पुन्हा कोपऱ्यात. वाटेत तिनं कुणाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चौरंगामागं बसले. घसा साफ केला, पान उघडलं, आणि पहिलं वाक्य वाचायच्या आत पुढं बसलेली गयाबाई उठून उभी राहिली. अंगानं ती दांडगी. बल्ब तिच्या पाठीमागं, त्यामुळं तिची सावली थेट पानावर.

“बसा की, गयाबाई.”

“उभ्यानं ऐकतो, गुरुजी.”

शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. थेटरातलंच सगळं, फक्त इथं शिट्टी नव्हती. गुरुजी नव्या चष्म्यातून अंधारात बघत अडखळत चार ओळी वाचून थांबले. त्यानंतरच्या दिवशी त्यांनी वायर ओढून बल्ब स्वतःच्या डोक्यावर बांधून घेतला. मग बायका चौरंगाला खेटून चहूबाजूंनी उभ्या राहिल्या आणि मागच्या पुरुषांना ना गुरुजी दिसत ना ऐकू येत. या सगळ्यात आत्या मात्र उठली नाही. भिंतीशी मान खाली घालून बसून राहायची. स्वतःच्या जागेसाठी आपणच उभं राहणं तिला बरं दिसलं नसावं.

असे काही दिवस गेले. शेवटी मागून एक म्हातारा वैतागून बोलला, “द्या ना गुरुजी त्या बाईला. ना हिकडं ऐकू येऊ राह्यलं, ना तिकडं भाकर मिळू राह्यली.”

गुरुजींनी ग्रंथ मिटला. “वाचा मंग तुमीच,” असं म्हणून ते उठले. त्यात कसलाही मोठेपणा नव्हता, नुसता कंटाळा होता. आत्या पुढं येऊन बसली, तेव्हा बायका बसल्या. तिनं पानं उलटली आणि गुरुजींनी वाचलेलं काही न धरता, आपण जिथं थांबलो होतो तिथून सुरू केलं. थोडं वाचून झाल्यावर ग्रंथावर हात ठेवून म्हणाली, “म्हंजे काय, तं...” गयाबाईनं पदर डोळ्याला लावला. आश्विनातल्या पौर्णिमेला ग्रंथ आत्याच्या तोंडून पुरा झाला. वस्तीनं खीर केली. हे कुठल्या साप्ताहिकात आलं नाही.

पुढं काय झालं म्हणून विचाराल तर फार काही झालं नाही. बाजारात टवाळ पोरं बरीच वर्षं आत्याला बघून “भन्ते, कोंबडी घ्या” म्हणायची. ती भाजी निवडून घ्यायची आणि यायची. नंतर व्हिडिओ आले, मग केबल आली, आणि तो सिनेमा दर सुट्टीला घरात शिरू लागला. तोपर्यंत आत्या माझ्याकडं जालन्याला आली होती, गुडघे गेलेले. एकदा माझा भाचा टीव्हीवर तेच बघत खिदळत होता. आत्या काठी टेकत पलंगावरून उठली आणि टीव्हीच्या पुढं जाऊन उभी राहिली.

“आजी, दिसत न्हाई ना,” तो म्हणाला.

“बराबर हाय,” आत्या म्हणाली. “दिसू न्हाई म्हनूनच उभी हाय.”

मी स्वयंपाकघरात पोट धरून हसले. त्या सिनेमापायी मी हसले ती तेवढीच. पुढच्याच वर्षी, वर्षावास सुरू व्हायच्या आधी, आत्या गेली.

पेपर वाचल्यावर तीन दिवस मी कामं उरकत राहिले. चौथ्या दिवशी पुरवणीच्या ऑफिसला फोन लावला, तिथून त्या गृहस्थांचा नंबर मिळाला. आवाज चांगला होता, अदबीचा. मी सगळं सांगितलं. थेटर, उभं राहणं, चपला, चौरंग. त्यांनी मधे तोडलं नाही, हे कबूल करायला हवं. ऐकून झाल्यावर म्हणाले, “अहो मॅडम, कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. फार गोड आठवण आहे ही. तुमच्या आत्यांचा एखादा फोटो आहे का? पुढच्या रविवारी छापू.”

फोटो आहे. भिंतीवर, माझ्या समोरच होता. मी नाही म्हणाले.

“एक विचारू?” ते म्हणाले. “इतकं वाईट वाटलं होतं, तर त्या सरळ उठून निघून का नाही गेल्या?”

हापशावर पाय धुताना मीही आत्याला हेच विचारलं होतं. मी हापसत होते, ती दगडानं टाच घासत होती. तळव्याला चिकटलेलं काहीतरी निघता निघत नव्हतं. मान वर न करता तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच बोलीत त्या गृहस्थांना ऐकवलं.

“आपन निघून गेलो असतो, तं त्यांला बिनघोर हसता आलं असतं.”

मग ते म्हणाले, “वा. किती गोड.”

मी फोन ठेवला नाही. काही बोललेही नाही. रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले. ते “हॅलो” म्हणाले, पुन्हा “हॅलो, मॅडम, आहात का?” म्हणाले. माझ्या श्वासाचा आवाज त्यांना ऐकू जात असणार. बाहेर कर्ण्यावर वाचन सुरू झालं होतं, तेही ऐकू जात असणार. बऱ्याच वेळानं त्यांनीच फोन ठेवला.